नियंत्रण, अधिकार आणि प्रभाव

‘त्याच्या हाती सत्ता आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दुसऱ्याच्या वागण्यावर प्रत्यक्ष ताबा ठेवता येणे म्हणजे नियंत्रण. आज्ञा करण्याचा समाजमान्य हक्क म्हणजे अधिकार. आणि आज्ञा वा धाक नसतानाही एखाद्याचे म्हणणे लोक मानतात, तो त्याचा प्रभाव. पेशवाईतील एका प्रसंगात हा भेद लख्ख दिसतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथरावांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळवली. छत्रपतींच्या हाती तेव्हा प्रत्यक्ष कारभार उरला नव्हता; तरीही त्यांच्या वस्त्रांवाचून कोणी पेशवा ठरत नसे. अधिकाराचे मूळ साताऱ्यात, नियंत्रण मात्र पुण्यात, अशी ती व्यवस्था होती.

वस्त्रे मिळाली, तरी रघुनाथरावांचा जम बसला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा दोष त्यांच्यावर ठेवला आणि पुणे सोडले. शास्त्रीबुवांच्या पाठीशी फौज नव्हती. न्यायासनही त्यांनी मागे टाकले होते. पण त्यांच्या निःस्पृहतेविषयी कोणालाच शंका नसल्यामुळे त्यांच्या शब्दाचे वजन कमी झाले नाही.

पुढे सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी ‘बारभाई’ कारभारी रघुनाथरावांविरुद्ध एक झाले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला. त्या सवाई माधवरावांना अवघ्या ४० दिवसांचे असताना वस्त्रे मिळाली. अधिकार पाळण्यात आणि नियंत्रण कारभाऱ्यांच्या हाती! रघुनाथरावांना अखेर १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह करून परक्या फौजेचा आधार घ्यावा लागला. रामशास्त्री मात्र पुन्हा सन्मानाने न्यायासनावर आले.

यावरून काय दिसते? नियंत्रण बळावर चालते आणि बळ ओसरताच सैल पडते. अधिकार मान्यतेवर उभा असतो. ती गेली की उरते ती नुसती वस्त्रे. प्रभाव पदाबरोबर येत नाही, म्हणून पदाबरोबर जातही नाही. मात्र तो नेहमी चांगलाच असतो असेही नाही. अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. कानात कुजबुजणाऱ्याला कोण विचारणार?

आपल्या महाविद्यालयातही हे तिन्ही भेटतात : परीक्षागृहातील पर्यवेक्षकाची नजर, दाखल्यावरची प्राचार्यांची सही आणि वर्ग सुटल्यावरही मनात राहणारा एखाद्या शिक्षकाचा शब्द. उद्या आपल्यापैकी अनेकांच्या हाती खुर्ची येईल. समोरचा उठून उभा राहिला तो खुर्चीसाठी, भीतीपोटी की आपल्यासाठी, हे ज्याला ओळखता येईल, तो सत्तेने फसणार नाही.