पास अडवायचा कसा?

अमेरिकेत टुडॉर कंपनीच्या नॉर्मन सॅस यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या ‘इलेक्ट्रिक फुटबॉल’ या अमेरिकन फुटबॉलच्या टेबलावरील खेळात पत्र्याचे मैदान थरथरते आणि खेळाडू बुडाच्या लवचिक पायांवर सरकतात. स्विच सुरू असताना त्यांना हाताने वळवता येत नाही. म्हणून पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या मागे बचावपटू धाडण्यापेक्षा त्याच्या वाटेवर आधीच उभा करावा, हेच मला पटते. कोणी म्हणेल, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या स्प्रिंगच्या हातातून सुटलेला इवलासा चेंडू नेमका पोचतो तरी कितीदा? मात्र रिसीव्हरला तो नुसता लागला तरी झेल मानतात, आणि नेम तर सरावाने सुधारतोच. शिवाय फेकीच्या वेळी मैदान थांबलेले असते. तेव्हा फेकीच्या रेषेत उभा असलेलाच चेंडू अडवतो. मागे राहिलेला गडी, कितीही वेगवान असला तरी, तिथे कामाचा नसतो.