पारामुक्त विसर्जन दिवे

विद्युत् विसर्जन दिव्यात पाऱ्याऐवजी पर्यावरणास कमी घातक असलेला पदार्थ वापरून तयार केलेल्या दिव्यास पारामुक्त विसर्जन दिवा म्हणतात. विसर्जन दिव्यात तापून प्रकाशणारी तार नसते. बंदिस्त नळीतील वायूतून अथवा बाष्पातून विद्युत् प्रवाह गेला म्हणजे त्यातील अणू उत्तेजित होतात व पूर्वस्थितीस येताना प्रारण बाहेर टाकतात. पीटर कूपर ह्यूइट यांना पाऱ्याच्या बाष्पदिव्याचे अमेरिकन पेटंट १९०१ मध्ये मिळाले. अनुस्फुरित दिवा (ट्यूबलाइट) १९३८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला व पुढे सर्वत्र रूढ झाला.

पाऱ्याचे कार्य : अनुस्फुरित दिव्यात पाऱ्याच्या बाष्पापासून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण मिळतात व नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. त्यासाठी लागणारा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या सुमारे एक लक्षांश असून तो ४०° से.च्या आसपास आपोआप मिळतो. इतर बहुतेक धातू त्यासाठी बरेच तापवावे लागतात. उच्च दाबाच्या दिव्यांत पाऱ्याचे काम निराळे असते. तेथे त्याचे दाट बाष्प नळीतील विद्युत् रोध वाढविते, त्यामुळे कमी प्रवाहात पुरेशी शक्ती देता येते. ही सर्व कामे करणारा दुसरा एकच पदार्थ उपलब्ध नाही. म्हणून दिव्याच्या प्रकारानुसार निरनिराळे पर्याय शोधावे लागले.

पर्यायी पदार्थ : (१) सोडियम : कमी दाबाच्या सोडियम दिव्यात पारा नसतो आणि त्याची कार्यक्षमता फार मोठी असते. परंतु त्याचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असल्याने त्यात वस्तूंचे रंग ओळखता येत नाहीत. रस्त्यांवरील उच्च दाबाच्या नेहमीच्या सोडियम दिव्यात मात्र सोडियमाबरोबर पाराही असतो. त्याऐवजी अधिक दाबाचा झेनॉन भरून पारामुक्त प्रकार तयार करण्यात आले.

(२) जस्ताचे आयोडाइड : मोटारींच्या पुढील झेनॉन दिव्यांत पाऱ्याच्या जागी याचा उपयोग यशस्वी झाला. ३५ वॉटच्या या दिव्याचा विद्युत् दाब पारा असताना सुमारे ८५ व्होल्ट असतो, तर पाऱ्याशिवाय तो सुमारे ४२ व्होल्टपर्यंत उतरतो. साहजिकच प्रवाह दुप्पट होतो व त्यास अनुरूप विद्युत् अग्रे आणि नियंत्रक मंडल योजावे लागते.

(३) झेनॉन : हा अक्रिय वायू असल्याने दिवा थंडीतही तत्काळ पूर्ण प्रकाश देतो. याच्या उत्तेजित द्विअणूपासून १७२ नॅनोमीटरचे किरण मिळतात. मात्र अशा प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा सुमारे ७·२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर पाऱ्याच्या २५४ नॅनोमीटरच्या फोटॉनाची ४·९. दोहोंपासून दृश्य प्रकाशाचा सर्वसाधारणपणे एकच फोटॉन मिळत असल्याने झेनॉनाच्या बाबतीत ऊर्जेचा अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

(४) गंधक : क्वॉर्ट्झच्या लहान गोळ्यात थोडे गंधक व आर्गॉन भरून त्यावर सूक्ष्मतरंग सोडल्यास सूर्यप्रकाशाशी मिळताजुळता प्रकाश मिळतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या वॉशिंग्टन येथील इमारतीत १९९४ मध्ये याचे प्रात्यक्षिक झाले. सूक्ष्मतरंग-जनित्रातील ऊर्जाव्यय व त्याचे मर्यादित आयुष्य यांमुळे हा दिवा रूढ झाला नाही.

पर्यावरणीय बाजू : एका अनुस्फुरित दिव्यातील पारा काही मिलिग्रॅमच असतो, परंतु दिवा फुटल्यावर तो हवेत व मातीत मिसळतो. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीवांमुळे मिथिल पाऱ्यात रूपांतर होते आणि तो माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पाऱ्यामुळे मज्जासंस्थेचा रोग पसरल्याचे १९५६ पासून उघडकीस आले. मासळी हे ज्यांचे नित्याचे अन्न आहे, अशा कोकणासारख्या प्रदेशांस हा धडा विशेष लागू पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखसारख्या अतिवृष्टीच्या गावी उघड्यावर टाकलेला कचरा पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून नदीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून निकामी नळ्या न फोडता वेगळ्या ठेवून अधिकृत संकलकाकडे देणे आवश्यक आहे. भारतातील ई-कचरा नियमांत (२०१६ व २०२२) पारायुक्त दिव्यांचा समावेश आहे.

सद्यस्थिती : मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात आला. तो २०१७ मध्ये अंमलात आला व भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च दाबाच्या पारा-बाष्पदिव्यांस या करारात २०२० ही मुदत होती. २०२३ मधील परिषदेत अनुस्फुरित नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबविण्याचे ठरले. घरगुती प्रकाशयोजनेत पाऱ्याची जागा अखेरीस दुसऱ्या बाष्पाने घेतली नाही, तर अर्धसंवाहकापासून बनविलेल्या प्रकाश-उत्सर्जक डायोडाने (एलईडीने) घेतली. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. त्यांत पारा नसला, तरी त्यांतील इलेक्ट्रॉनीय भागांमुळे तेही गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावावी लागते. पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी मात्र पाऱ्याचे जंबुपार दिवे अद्याप वापरात असून तेथे पर्यायांचे संशोधन चालू आहे.