टी-ट्वेंटी की टेस्ट?

आयुष्य किती, हे कोण ठरवतं? तुम्ही म्हणाल नशीब, नाहीतर जिम आणि डाएट. बॉट्रिलस श्लोसेरीच्या बाबतीत मात्र आजूबाजूला मोकळी जागा किती, हाही प्रश्न विचारावा लागतो.

नाव अवघड असलं तरी हा समुद्री जीव दिसायला साधा. धक्क्याच्या खांबांना, बोटींच्या तळाला चिकटलेला मऊ पापुद्रा आणि त्यावर चांदण्यांची नक्षी. चांदणीची प्रत्येक पाकळी म्हणजे काही मिलिमीटरचा एकेक प्राणी. सगळ्यांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या, आणि सगळे एकाच अळीपासून कळ्या फुटत वाढलेले. त्या अळीच्या शेपटीत आपल्या गर्भात असतो तसाच एक लवचीक दांडा असतो. म्हणजे लांबचं का होईना, आपलं नातं आहे!

आता गंमत बघा. साधारण दर आठवड्याला या कॉलनीतले सगळे प्रौढ एकदम मरतात. ना आजार, ना अपघात. पेशी ठरल्यासारख्या स्वतःला संपवतात, त्यांचे अवशेष कॉलनीच पचवते आणि तयार असलेल्या कळ्या त्यांची जागा घेतात. सदस्य जातात, कॉलनी चालू राहते.

मग कॉलनी कधी मरते? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे ईल पाँड नावाचं समुद्राला जोडलेलं छोटंसं तळं आहे. रिचर्ड ग्रॉसबर्ग यांनी तिथल्या बॉट्रिलसचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच जातीत त्यांना दोन तऱ्हा सापडल्या. पहिली भराभर वाढते, पिल्लांची एकच बॅच काढते आणि लगेच खलास. दुसरी जवळपास निम्म्या वेगाने वाढते, पहिली बॅच काढायला जवळजवळ दुप्पट वय घेते, पण मरण्याआधी निदान तीन बॅच काढते. एक टी-ट्वेंटी, दुसरी टेस्ट. आणि हा फरक आनुवंशिक आहे, म्हणजे नैसर्गिक निवडीला इथे निवडायला काहीतरी आहे.

उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत पहिलीचा बोलबाला असतो, उन्हाळा सरताना दुसरीचा. उत्क्रांतीचा हिशेब मांडून बघा. बॉट्रिलसची अळी फार तर काही तास पोहते, मग तिला कुठेतरी चिकटावंच लागतं. खांब रिकामे आणि खायला भरपूर असेल, तर सगळी ताकद पिल्लांवर उधळून मोकळं व्हायचं. त्यांना जागा मिळणारच आहे. पण इंच न् इंच भरलेला असेल, तर नव्या पिल्लांचं काही खरं नसतं. अशा वेळी आपली जागा धरून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा फायद्यात.

म्हणून जास्त जगणारी कॉलनी भारी, असं म्हणायची घाई नको. मोकळ्या खांबावर ती अजून वाढतच असते, तोवर शेजारणीची पिल्लं पोहत निघालेली असतात.