गळा हवेने कोरडा पडतो की धुराने?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली माणसे परत येतात, तोवर जालन्याकडे थंडी पडलेली असते. मग वस्तीवस्तीतून त्याच तक्रारी कानावर येतात. रात्री घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात, लेकराचे नाक चोंदते, एखाद्याचा घोळणा फुटतो. अंबड, घनसावंगी, मंठ्याकडे बऱ्याच घरांत चूल पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटते आणि रात्री तिचेच निखारे शेगडीत भरून झोपायच्या खोलीत ठेवतात. शेजारी पाण्याचे पातेले ठेवले की हवा मऊ होते, असे जुन्या बाया सांगतात. ते खरे आहे का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते.

अर्धे खरे आहे. थंड हवेत पाण्याची वाफ कमी मावते, गरम हवेत जास्त. बाहेर १२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा खोलीत २४ अंशांपर्यंत तापली, तर वाफ तेवढीच राहते पण आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. अशी हवा नाक, ओठ, घसा यांतला ओलावा ओढून घेते. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंच खोलीत ती ३० वरून ४५ टक्क्यांवर न्यायला जेमतेम कपभर चहाइतके पाणी हवेत जावे लागते. फटींतून हवा बदलत राहते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा लागते, एवढेच. त्यासाठी विकतचे यंत्र नको. धुतलेले लुगडे किंवा ओला पंचा रात्री खोलीत दोरीवर टाकला तरी काम होते, आणि पातेल्यापेक्षा चांगले होते, कारण कापड पसरलेले असते. गरम पाण्याचे पातेले रांगत्या लेकराच्या हाताला लागेल असे जमिनीवर कधीही ठेवू नका.

पण आधी सकाळी उठून पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. थेंब जमलेले असतील, पाणी टपकत असेल, कोपऱ्यात बुरशी असेल, तर तुमच्या खोलीत ओलावा कमी नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे दार लावून झोपली की त्यांच्या श्वासातूनच तो भरपूर येतो, लाकूड जळतानाही थोडी वाफ निघते. अशा घरात आणखी पाणी ठेवले तर बुरशी वाढेल आणि दम्याच्या माणसाला त्रास होईल. तिथे घसा धुरानेच खवखवतो. डोळे चुरचुरणे, सकाळी काळपट बेडका पडणे, चुलीपाशी बसणाऱ्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या लेकरालाच जास्त खोकला असणे, या धुराच्या खुणा आहेत. पाणी धूर शोषत नाही. धुराला वाट लागते. जुन्या माळवदाच्या घराला वर भोक असायचे. पत्र्याची घरे बांधताना ते आपण बुजवले.

शेगडीचे तर याहून वाईट. निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक वाटते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत शुद्ध जाते. शेजारी पाणी ठेवले की हा वायू मरतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे आणि जीवघेणा आहे. हात शेकून झाले की शेगडी बाहेर अंगणात ठेवा, मग झोपा. घरातल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन करा.

चुलीसाठी वाळलेलेच सरपण वापरा, ओली पऱ्हाटी दुप्पट धूर करते. चूल पेटली असताना समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवा. सरपण विकत आणावे लागत नाही आणि सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, हे आम्हाला माहीत आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतले सिलिंडर कोपऱ्यात रिकामे आणि चूल पेटलेली, अशी घरे आम्ही बघतो. निदान घरात तान्हे लेकरू किंवा गरोदर बाई असेल तेवढे महिने तरी गॅस आधी त्यांच्यासाठी राखा, असे आम्ही घरातल्या पुरुषांना सांगतो.

घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, रक्त घशात जाते. बसवून मान थोडी पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग सलग दहा मिनिटे चिमटीत दाबून धरा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. रक्त तरीही थांबले नाही तर दवाखान्यात न्या. तान्ह्याच्या नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरू शकते. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते आरोग्य केंद्रात विचारा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला थंडीचा किंवा धुराचा म्हणून सोडून देऊ नका. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. पहिली बेडकी सकाळची, काही खाण्याआधीची न्यावी.