गिफ्ट म्हणजे काय गं, मावशी?

माझी भाची गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे स्वीडनला गेली. पहिल्याच आठवड्यात कुठलासा फॉर्म भरताना तिची गाडी अडली आणि रात्री तिचा फोन आला. "मावशी, नाव झालं, जन्मतारीख झाली, आणि पुढे विचारलंय 'गिफ्ट' की 'ऊगिफ्ट'? म्हटलं, आल्या आल्या सरकार भेटवस्तू देतंय की काय!"

शेवटी जावयाच्या ऑफिसातल्या एका बाईंनी हसत हसत उलगडा केला. स्वीडिश भाषेत गिफ्ट म्हणजे विवाहित, ऊगिफ्ट म्हणजे अविवाहित. लिहितात गिफ्ट आणि म्हणतात 'यिफ्ट'. त्यावर त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे विष. त्यामुळे लग्नाच्या जेवणात कुणीतरी उठून हा विनोद करणारच, आणि बाकीचे ऐकल्यासारखं करणारच.

आता बी.ए. करून मला पंचवीस वर्षं झाली, तरी शब्दांचा नाद काही सुटलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोळ्या उरकल्या आणि जुना मोठा शब्दकोश काढून बसले. मैत्रिणींनो, एवढासा शब्द, पण त्याच्या पोटात काय काय दडलंय!

मूळ सोपं आहे. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या सगळ्या एका घरातल्या भाषा. त्यांच्यात 'देणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द झाला. गिफ्ट म्हणजे जे दिलं ते. पण दिलं काय, कुणी आणि कुणाला, यावरून चार बहिणींचे चार संसार झाले.

डच भाषेत गिफ्ट म्हणजे देणगी, अगदी संस्थेला देऊन आयकरात सवलत घेतो तीसुद्धा. विषाला ते 'गिफ' किंवा 'व्हरगिफ' म्हणतात, म्हणजे तिथे सूचना बारकाईने वाचलेली बरी. जर्मनीत मात्र गिफ्ट म्हणजे विषच. उंदराच्या औषधाच्या डब्यावर कवटीच्या खाली हा शब्द दिसला की हात मागे घ्यायचा. औषधांच्या दुकानात विषारी औषधं कुलपात ठेवायच्या कपाटाला 'गिफ्टश्रांक' म्हणतात.

आता देण्याचं विष कसं झालं? याचं उत्तर मला फार आवडलं. ग्रीक भाषेत 'डोसिस' म्हणजे देणं. वैद्य रोग्याला औषध मोजून देतो, तो डोस. जुन्या जर्मन लोकांनी या शब्दाचं आपल्या भाषेत सरळ भाषांतर केलं, गिफ्ट. वैद्याने दिलेली मात्रा. मग कुणीतरी कुणाला दुसरंच काही पाजलं, तर त्यालाही लोक दबक्या आवाजात 'दिलं' म्हणायला लागले. वाईट गोष्टीचं नाव घ्यायचं नाही, ही रीत आपल्याला काय नवीन आहे? बांगडी फुटली की आपण 'वाढवली' म्हणतो, दिवा विझवत नाही, मालवतो, सापाचं नाव रात्री काढत नाही, त्याला लांबडं म्हणतो. जर्मन भाषेत विषाचा अर्थ एवढा बळावला की भेटीचा अर्थ मागे पडला. हाच विषाचा अर्थ जर्मनीतून वर स्वीडन-डेन्मार्कला गेला.

गंमत म्हणजे ग्रीक डोसिस आणि आपलं संस्कृत 'दान' हे सख्खे चुलतभाऊ आहेत, दोघांचं मूळ 'दा' या धातूत. इंग्रजीत हुंड्याला डाउरी म्हणतात, तो शब्दही याच धातूवरून लॅटिनमधून आलेला. म्हणजे डोस, दान, दत्त आणि डाउरी, सगळे एका कुळातले! आणि जर्मन भाषेत गिफ्टचा जुना अर्थ एका शब्दात अजून जिवंत आहे, 'मिटगिफ्ट', म्हणजे मुलीबरोबर दिलेलं. आपलं आंदण किंवा हुंडा. त्या देशात मुलीला लग्नात संसाराचं सामान मिळण्याचा कायदेशीर हक्कच होता. स्त्री-पुरुष समानतेच्या 1957 सालच्या कायद्याने तो काढून टाकला.

इंग्रजांच्या जुन्या भाषेत तर गिफ्ट म्हणजे बायको मिळवण्यासाठी मोजलेली किंमत, आणि अनेकवचनात लग्न! वाढदिवसाला रंगीत कागदात बांधून देतो तो अर्थ त्यांना उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेने दिला.

स्वीडिश 'विवाहित' हा अर्थही असाच. गिफ्ट म्हणजे दिलेली. आधी फक्त बाईबद्दल म्हणत, पुरुषाला ते नंतर चिकटलं. तिथल्या 1734 सालच्या कायद्यात 'गिफ्टोमान' नावाचा माणूस होता, म्हणजे मुलगी देण्याचा अधिकार असलेला पुरुष, बहुधा बाप. त्याच्या संमतीशिवाय लग्न नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून जरा बसून राहिले. कारण आपण तरी काय म्हणतो? "तुमची मुलगी कुठे दिली?" "साताऱ्याला दिली." माझी आत्या कऱ्हाडला दिली होती, मी इथे दिली गेले. मुलगा कुठे दिला, असं कुणी कुणाला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता खरं सांगते, हा सगळा शब्दांचा खेळ मी तिथेच सोडून दिला असता. पण मी आठवड्यातून दोन दिवस एका महिला सल्ला केंद्रात बसते, आणि त्याच मंगळवारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. लग्नाला अडीच वर्षं झालेली, सहा महिन्यांपासून माहेरी. परत नांदायची तिची इच्छा उरलेली नाही, सामान आणि दागिने तेवढे परत हवेत. सासरच्यांना बोलावलं होतं. सासरे शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही सुशिक्षित माणसं. हुंडा एक रुपया घेतलेला नाही. गाडी त्यांनी हौसेनं गिफ्ट दिली."

मी वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून म्हणाले, "मागितली नव्हती, ताई. साखरपुड्याला व्याही एवढंच म्हणाले, थोरल्या सुनेकडची गाडी दारात उभी आहे, धाकट्याला वाईट वाटू नये एवढं बघा."

आमच्या केंद्रात 'गिफ्ट' हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल! हुंडा हा शब्द आता कुणी उच्चारतच नाही. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात न मागता दिलेल्या भेटींना सूट आहे, आणि सगळे नेमके त्या दारातून आत शिरतात. पण त्या दाराला अटी आहेत. भेटींची लेखी यादी हवी. 1985 च्या नियमांप्रमाणे त्या यादीत वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून खाली वधू-वर दोघांच्या सह्या लागतात. मुलीला दिलेल्या वस्तूंची यादी मुलीने जपायची, मुलाला दिलेल्यांची मुलाने. भेट रीतीला धरून हवी आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची नको. शिवाय मागणी 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष', दोन्ही गुन्हाच. धाकट्याला वाईट वाटू नये, ही अप्रत्यक्ष मागणी नाही तर काय?

आणि मुलीचं स्त्रीधन हे तिचं एकटीचं, सासरच्यांकडे ते नुसतं सांभाळायला दिलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. पण यादी कोण करतं? रुखवतातल्या चिरोट्यांची मोजणी होते, आहेराची वही होते, मात्र ही यादी करायची म्हटली की "आत्ताच अविश्वास कशाला?" असं दोन्हीकडचे म्हणतात. मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या लग्नात बाबांनी ह्यांना मोटारसायकल दिली, तीही हौसेनंच. त्यासाठी त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं, हे मला ते गेल्यावर कपाटातल्या कागदांवरून कळलं. ह्यांना दाखवलं तर हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्री भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मावशी, इथे अजून एक शब्द आहे, 'यिफ्टोरेट'. त्याचं सुरुवातीचं 'यिफ्ट' आपल्याच शब्दातलं. नवरा-बायको वेगळे झाले, तर आधी वेगळा करार केलेला नसेल तेव्हा दोघांच्या मालमत्तेतून कर्ज वजा करून उरलेलं निम्मं निम्मं, तो हक्क. मी शोधलं, तर तो या रूपात 1920 च्या विवाह कायद्याने आलेला निघाला. त्याच कायद्याने 1921 पासून नवऱ्याचं बायकोवरचं पालकत्वही संपलं. म्हणजे ज्या शब्दात बाई 'दिलेली' होती, त्याच शब्दात तिचा अर्धा वाटा येऊन बसला. शब्द बदलला नाही, कायदा बदलला. आपल्याकडे घटस्फोटानंतर पोटगी मागता येते, पण नवऱ्याच्या नावावरच्या घरात असा सरळ निम्मा हिस्सा बाईला मिळत नाही. वीस वर्षं त्या घराची फरशी पुसलेली असली तरी.

परवा त्या मुलीला घेऊन आम्ही आठवून आठवून यादी लिहायला बसलो. फ्रिज, कपाट, दिवाण, पितळेची समई, आजीच्या पाटल्या, सोन्याचं डोरलं. चाळीसच्या वर वस्तू झाल्या. निम्म्यांच्या पावत्या आहेत. गाडी जावयाच्या नावावर आहे आणि पैसे वडिलांनी रोख दिलेले. "गाडीपुढे काय लिहू, ताई? गिफ्ट?" मुलीने विचारलं. मी म्हटलं, कुणी दिली, कधी दिली, किती पैसे लागले, आणि साखरपुड्याला कोण काय बोललं, तेवढं लिही. साखरपुड्याच्या त्या बोलण्याच्या वेळी तिचे मामा तिथे होते. पुढच्या मंगळवारी ते येणार आहेत, आणि लग्नाच्या व्हिडिओचा पेनड्राइव्हही आणणार आहेत.