आहे तसा रस्ता

पालघर जिल्ह्यातल्या घिवलीच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेपाशी, उपग्रहांचे संकेत झेलणारं सर्वेक्षणाचं यंत्र उभं करा आणि त्याला उंची विचारा. ते उणे ६० मीटरांच्या आसपासचा आकडा दाखवेल. यंत्र बिघडलेलं नाही. उपग्रहांच्या हिशेबात पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, गणिती लंबगोल. उंची मोजायची ती त्याच्या पृष्ठापासून. खरा समुद्र मात्र गुरुत्वाकर्षण ओढेल तिथे स्थिरावतो, आणि भारताभोवती तो या लंबगोलाच्या बराच खाली स्थिरावला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला ही खोली १०० मीटरांच्याही पुढे जाते. घिवली, उच्छेळी, दांडीचे मच्छीमार ज्या पाण्यात होड्या घालतात, ते पाणीही याच अदृश्य उताराचा भाग आहे.

गावच्या रस्त्याशी याचा काय संबंध? अगदी थेट. समजा, घिवलीकडून बोईसरकडे जाणारा एखादा रस्ता रुंद करायचा आहे. अभियंता संगणकावर सिव्हिल थ्रीडी किंवा ओपनरोड्ससारखं रस्ते आखायचं सॉफ्टवेअर उघडतो. नव्या रस्त्याची पहिली रेघ मारण्याआधी त्याला एक वेगळंच काम करावं लागतं: आज जमिनीवर जो रस्ता आहे तो, आहे तसा, संगणकात उभा करायचा. डांबराची कड, साइडपट्टी, गटार, मोरी, विजेचे खांब, कुंपणाच्या भिंती, विहिरीचा कठडा, सगळं. माझ्या मते रस्त्याच्या साऱ्या आखणीत याहून विलक्षण काम दुसरं नाही. नवा रस्ता माणसाने ठरवलेल्या नियमांनी बनतो, त्यामुळे तो संगणकाला चटकन समजतो. जुना रस्ता कुणी एकाने काढलेला नसतो. बैलगाडीने पाडलेली वाट, शेताच्या बांधाला घातलेला वळसा, कुणाच्या चिंचेला दिलेली बगल, त्यावर पडलेले खडी-डांबराचे थर आणि प्रत्येक पावसाळ्याने केलेली झीज, असा तो घडत आलेला असतो.

पहिला प्रश्न शून्याचा. उंची कुठून मोजायची? आपल्याकडे जमिनीवरच्या उंचीचा जुना पाया १९०९ सालचा. कराचीपासून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत नऊ ठिकाणी भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदी ठेवून सरासरी समुद्रसपाटी ठरवली गेली. त्यातलं एक ठिकाण मुंबईचं अपोलो बंदर. तिथून लेव्हल आणि स्टाफ घेऊन माणसं देशभर चालली आणि दगडांवर, पुलांवर बेंचमार्क कोरत गेली. आजही घिवलीतल्या मोरीचा तलांक, म्हणजे आरएल, त्याच शून्याला बांधलेला असावा लागतो. पण बंदराची माणसं दुसरंच शून्य वापरतात. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातलं शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे, जहाजाचा तळ घासू नये म्हणून मुद्दाम खाली घेतलेलं. तक्त्यात साडेचार मीटरची भरती लिहिली असेल, तर रस्त्याच्या तलांकात ती जेमतेम दोन मीटर ठरते. खाडीत उघडणाऱ्या मोरीच्या बाबतीत ही दोन शून्यं एकमेकांत मिसळली, तर उधाणाच्या दिवशी पाणी बाहेर जाण्याऐवजी आत यायला लागेल. तिसरं शून्य उपग्रहांचं, उणे साठवालं. तिन्ही शून्यांची ओळख पटवून मगच संगणकात पहिला बिंदू ठेवायचा.

दुसरा प्रश्न सपाटीचा. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, म्हणून नकाशाच्या जाळ्यात अंतरं किंचित ताणली किंवा आखडली जातात. या जाळ्यासाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. आपण ज्या पट्ट्यात येतो त्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व रेखांशाची. ती अहिल्यानगर जिल्ह्यातून जाते. घिवली तिथून पश्चिमेला जवळजवळ अडीचशे किलोमीटर, म्हणजे पट्ट्याच्या काठाशी. इथे टेपने मोजलेला एक किलोमीटर जाळ्यात तीसएक सेंटिमीटरनी लांब होतो. पाच किलोमीटर रस्त्यात दीड मीटरचा फरक! कागदावर मोरी एका ठिकाणी आणि जमिनीवर दुसऱ्या, असं होऊ नये म्हणून प्रकल्पापुरता एक गुणक काढून हा ताण सोडवावा लागतो.

आता बिंदू गोळा करायचे. आजकाल ड्रोन उडवून हे काम झपाट्याने होतं, पण घिवलीच्या शेजारी तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे, १९६९ पासून वीज देणारं, आणि त्याच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. म्हणजे इथे टोटल स्टेशन, प्रिझम आणि माणसाचे पाय. तिपाईवरचं यंत्र अवरक्त प्रकाश सोडतं, तो प्रिझमवर आपटून परत येतो. दीडशे मीटरवरच्या प्रिझमपर्यंत जाऊन यायला प्रकाशाला एका सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो, आणि एवढ्याशा अवधीतून यंत्र काही मिलिमीटरांपर्यंत अचूक अंतर काढतं. प्रिझमचा दांडा धरलेला मुलगा तो डांबराच्या कडेवर टेकवतो, मग रस्त्याच्या मध्यावर, मग पलीकडच्या कडेवर, साइडपट्टीवर, गटाराच्या काठावर आणि तळाशी. प्रत्येक बिंदूला तो एक कोड देतो. त्या कोडवरूनच संगणकाला कळतं की हा बिंदू खांब आहे की डांबराची कड. कोड चुकला तर खांब आणि कड एकाच रेषेत गुंफले जातात आणि रस्ता अचानक शेतात शिरून परत येतो.

कोड जुळले, बिंदू संगणकात आले, तरी रस्ता अजून दिसत नाही. दिसतात ते अधांतरी ठिपके. त्यांच्यातून जमीन कशी करायची याचा नियम १९३४ साली बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने मांडला. हा माणूस पट्टीचा गिर्यारोहकही होता. नियम असा: तीन बिंदूंचा त्रिकोण तेव्हाच जोडायचा, जेव्हा त्या तिघांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा बिंदू येत नाही. एवढ्याने सगळे ठिपके शक्य तितक्या भरदार त्रिकोणांत गुंफले जातात. त्रिकोणांनी जमीन मोजणं तसं जुनंच: ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून भारत त्रिकोणांनी मोजायला घेतला होता. त्याचे त्रिकोण मैलोन्‌मैल पसरलेले. संगणकातले दोन पावलांत मावणारे.

पण हा सुंदर नियम रस्ता ओळखत नाही. आणि इथेच सगळा जीव आहे.

गावच्या एकेरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर रुंद. पावसाच्या प्रदेशात मधून कडेला अडीच टक्के उतार ठेवायचा, म्हणजे रस्त्याचा मध्य कडेपेक्षा फक्त ४.७ सेंटिमीटर उंच. पालघरच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि ते सगळं पाणी रस्त्यावरून ढकलायचं काम या पाच सेंटिमीटरहून कमी उंचवट्याचं. आता समजा प्रिझमवाल्याने डावी आणि उजवी कड समोरासमोर घेतली, पण मधला बिंदू दहा मीटर पुढे. डेलोनेचा नियम डाव्या कडेला सरळ उजव्या कडेशी जोडतो. मधला उंचवटा तिथे गायब. संगणकाला तिथे सपाट रस्ता दिसतो, आणि त्यावर बेतलेला नवा थर सपाट जागेच्या हिशेबाने पडतो.

यावर उपाय म्हणजे ब्रेकलाइन. अभियंता सगळे मध्याचे बिंदू ओळीने जोडतो आणि संगणकाला बजावतो की कुठल्याही त्रिकोणाची बाजू ही रेषा ओलांडणार नाही. पावसाळ्यात अंगणात बांबूंवर ताडपत्री टाकली की ती बांबूंच्या मध्ये झोळते. मधून एक दोरी ताणली की लगेच कणा येतो. ब्रेकलाइन ती दोरी आहे. एक मध्यावर, एकेक दोन्ही कडांवर, एकेक साइडपट्टीच्या टोकाला, गटाराच्या काठाला, तळाला. ठिपक्यांतून रस्ता उगवतो तो याच क्षणी, आणि तो यंत्राने नाही, जमीन वाचू शकणाऱ्या माणसाने उभा केलेला असतो. कुठे खरी कड आहे आणि कुठे फक्त डांबर ओघळलं आहे, हे सांगणारा नियम अजून कुणी लिहिलेला नाही.

या त्रिकोणी जगाच्या मर्यादाही मनोरंजक आहेत. तिथे एका जागी एकच उंची असू शकते. म्हणून खरी उभी भिंत तिथे उभीच राहत नाही. तिचा माथा पायथ्यापासून काही मिलिमीटर बाजूला सरकवावा लागतो. पोकळीही नसते. मोरी म्हणजे रस्त्याखालचं भोक, ते त्रिकोणांत मावतच नाही. तिचे पाइप, दोन्ही तोंडांचे तळाचे तलांक, कठडे हे सगळं वेगळी वस्तू म्हणून जमिनीच्या आत ठेवायचं.

मग मध्यरेषा. जुन्या रस्त्याच्या वळणांना त्रिज्या नसते, पण नव्या रस्त्याला लागते: सरळ रेषा, वर्तुळाचा कंस आणि त्यांना सांधणारं संक्रमण वळण. म्हणून जुन्या वळणांवर कमीत कमी फरकाने बसतील असे कंस शोधायचे. ही बसवणी गणिताची असली तरी तिचा प्रत्येक सेंटिमीटर कुणाच्या तरी दारात जातो. रेषा डावीकडे सरकली तर एकाची कुंपणभिंत, उजवीकडे सरकली तर दुसऱ्याच्या माडांची रांग. आहे तसा रस्ता नीट उभा केलेला असेल, तरच ही किंमत आधी दिसते. नसेल, तर ती जेसीबी दारात आल्यावर कळते. या कामात हलगर्जी चालू नये असं मला मनापासून वाटतं ते यामुळे.

मोठ्या रस्त्यावर हेच प्रश्न मोठे होतात. पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर अलीकडे डांबरावर काँक्रीटचा थर टाकण्यात आला, ज्याला व्हाइट टॉपिंग म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेत नेहमीच्या व्हाइट टॉपिंगचा थर किमान २०० मिलिमीटर सांगितला आहे. जुनी पातळी वीस सेंटिमीटरनी वर आली की तिच्याशी जुळलेलं सगळं सुटं पडतं: कडेचे कठडे तेवढेच बुटके होतात, साइडपट्टी खड्ड्यात जाते, पुलाच्या सांध्याशी पायरी तयार होते, आणि चिल्हार फाट्यासारख्या ठिकाणी येऊन मिळणाऱ्या रस्त्यांना नवा चढ द्यावा लागतो. त्यातला प्रत्येक चढ किती लांबवर जुन्या रस्त्याला टेकेल, हे जुन्या रस्त्याचा पृष्ठभाग हातात असल्याशिवाय ठरत नाही. संगणक नव्या रस्त्याच्या कडेपासून उतार सोडतो आणि तो जिथे जुन्या जमिनीला भिडेल तिथे थांबतो. जुनी जमीन चुकलेली असेल, तर भिडण्याची जागाही चुकते.

पैशाचा हिशेबही तिथेच. पाच किलोमीटर लांब, साडेपाच मीटर रुंद रस्त्याची पातळी सरसकट पाच सेंटिमीटर चुकीची धरली, तर १,३७५ घनमीटर साहित्याचा फरक पडतो. दहा घनमीटरच्या डंपरच्या सुमारे १३८ खेपा.

हे सगळं बरोबर जमलं आहे का, ते तपासायची एक सोय सिव्हिल थ्रीडीत आहे, वॉटर ड्रॉप. पृष्ठभागावर कुठेही टिचकी मारा. तिथे पडलेला पावसाचा थेंब कुठून कुठे वाहत जाईल, ती वाट संगणक काढून दाखवतो. शंभर ठिकाणी थेंब टाकले की पाणी कुठे साचेल ते उमटतं. तो नकाशा छापून गावात न्यावा. जुलैत कुणाच्या ओट्याला पाणी लागतं, कुठली मोरी उधाणाला उलटी वाहते, शाळेची मुलं कुठे चप्पल हातात घेतात, हे घिवलीतल्या कुणालाही विचारलं तर बोट दाखवून सांगता येतं. गावाने दाखवलेली जागा आणि थेंबांची जागा जिथे जुळत नाही, तिथे आधी मध्याची ब्रेकलाइन तपासायची, मग मोरीचा तळ, आणि तरीही उलगडा झाला नाही तर प्रिझम घेऊन तेवढा तुकडा पुन्हा मोजायचा, या वेळी बिंदू पाच-पाच मीटरवर.