अल्पमोली फोनची पारख

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रालगत वसलेल्या ऊर्जानगरात विजेचा हिशेब 2920 मेगावॉटच्या मापाने होतो. परंतु त्या केंद्रात पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार, शेजारच्या दुर्गापूरच्या कोळसा खाणीवर राबणारा मजूर आणि मूल-सिंदेवाहीकडून काही कामानिमित्त शहरात आलेला धानाचा शेतकरी हे जेव्हा मोबाईलच्या दुकानात काचेच्या कपाटासमोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो: दहा-बारा हजारांत मिळणारा हा फोन घ्यावा की न घ्यावा? हा प्रश्न क्षुल्लक मुळीच नव्हे. ती रक्कम अनेक घरांत महिन्याच्या मिळकतीएवढी असते. आणि शिधापत्रिकेची ओळखपडताळणी, बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, शेताची ई-पीक पाहणी हे सारे आता त्या एका यंत्रावर येऊन ठेपले असल्यामुळे, निवड चुकली तर नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

अल्पमोली फोनची पारख कशी करू नये, याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्रालाच 2021 च्या ऑगस्टमध्ये मिळाला. बालकांची वजने, उंची, पोषण आहाराचे वाटप यांच्या नोंदी ठेवण्यासाठी अंगणवाडी सेविकांना त्याच्या दोन वर्षे आधी सरकारी फोन देण्यात आले होते. त्यांची रॅम अवघी 2 जीबी. पुढे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अॅप सक्तीचे झाले, तेव्हा ते या फोनवर धड चालेना. फोन तापत, मध्येच बंद पडत, हमीची मुदत उलटून गेलेली, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र तुटपुंज्या मानधनातून सेविकांना सोसावा लागे. अखेर राज्यभरच्या सेविकांनी ते फोन प्रशासनाकडे परत करण्याचे आंदोलन केले. खरेदीच्या दिवशी काटकसरीचा भासलेला तो व्यवहार प्रत्यक्षात महाग पडला, याचे कारण फोनची किंमत पाहिली गेली, पण त्याच्यावर पुढे पडणारा कामाचा भार विचारात घेतला गेला नाही. काम वाढत गेले, यंत्र होते तेवढेच राहिले. घरगुती खरेदीलाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून पहिली विचारणा रॅमची करावी. फोनची मूळ प्रणालीच रॅमचा मोठा हिस्सा व्यापून बसते. उरलेल्या जागेत व्हॉट्सअॅप, बँकेचे अॅप आणि कॅमेरा एकत्र नांदायचे असतात. आजच्या घडीला 4 जीबी ही कशीबशी निभावून नेणारी मर्यादा असून, तीन-चार वर्षे फोन वापरायचा असेल तर 6 जीबी हा किमान शहाणपणाचा आकडा समजावा. खोक्यावर ‘8 जीबीपर्यंत’ असे ठळक छापलेले असते, तेथे बारीक अक्षरांतला मजकूर अवश्य वाचावा; कारण त्यात पुष्कळदा 4 जीबी खरी रॅम आणि 4 जीबी ‘आभासी’ असते, म्हणजे साठवणुकीचाच एक तुकडा रॅमच्या नावाने उसना घेतलेला असतो. ही उसनी जागा खऱ्या रॅमहून कितीतरी मंद असते. साठवणुकीचीही जात विचारावी: ईएमएमसी प्रकारात एका वेळी वाचणे किंवा लिहिणे यांपैकी एकच क्रिया चालते, यूएफएस प्रकारात दोन्ही बरोबरच चालतात, आणि फोन जुना होऊन निम्म्याहून अधिक भरला की हा फरक बोटांना पदोपदी जाणवू लागतो.

दुसरी कसोटी आमच्या मुलखाची स्वतःची आहे, आणि ती कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात फोन वापरण्यास योग्य तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस असे नमूद करतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा दुपारी दुचाकीच्या दांड्याला बसवलेला फोन पाहावा. प्रथम पडदा आपोआप अंधारतो, मग चार्जिंग थांबते, मग गती मंदावते आणि शेवटी तापल्याची सूचना झळकते. हे सारे यंत्राने स्वसंरक्षणार्थ केलेले असते. परंतु लिथियमच्या बॅटरीला उष्णतेचा जो जाच होतो तो त्या दुपारपुरता नसतो, तिची धारणशक्तीच कायमची घटत जाते. सबब 5000 एमएएचची बॅटरी आमच्याकडे चैन नसून गरज आहे. पडद्याचा प्रखरपणा दुकानातल्या दिव्याखाली न तपासता दाराबाहेर उन्हात येऊन तपासावा. आणि कोळशाची धूळ ज्यांच्या कपड्यांवर रोज बसते, त्यांनी धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा ‘आयपी’ दर्जा खोक्यावर शोधावा. त्यातला पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा असतो, आणि अंक जितका मोठा तितके संरक्षण अधिक.

तिसरी कसोटी अरण्याची. ताडोब्याच्या भोवतालची गावे असोत वा गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली, सिरोंचा हे तालुके असोत, तेथे नेटवर्कचा प्रश्न वेगापेक्षा पोहोचण्याचा आहे. 700 मेगाहर्ट्झसारख्या कमी कंप्रतेच्या लहरी दूरवर जातात आणि झाडी व भिंती यांतून अधिक चांगल्या प्रकारे पार होतात. उच्च कंप्रतेच्या लहरींवर डेटाचा वेग मोठा मिळतो, पण त्यांचा पल्ला तोकडा. बीएसएनएलची स्वदेशी 4जी सेवा, जिचे देशव्यापी उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले, ती ज्या पट्ट्यांवर चालते त्यांत 700 मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे, आणि त्याचा क्रमांक 28. तेव्हा बीएसएनएलच्या भरवशावर राहणाऱ्या गावातील खरीददाराने फोनच्या तपशिलात 4जीच्या रकान्यात 28 हा क्रमांक आहे की नाही, हे पाहूनच पैसे मोजावेत. ज्या गावात 5जी अद्याप पोहोचलेच नाही, तेथे केवळ त्या अक्षरांसाठी रॅम किंवा बॅटरीचा बळी देणे इष्ट नव्हे.

चौथी कसोटी आयुर्मर्यादेची, आणि माझ्या मते हीच सर्वांत निर्णायक. फोनला सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळणार, याचे उत्तर खरेदीपूर्वीच मिळवावे. कारण ती थांबली की चोरांना ठाऊक झालेल्या फटी बुजवणारे कोणी उरत नाही, आणि अशा फोनवरून बँकेचा व्यवहार करणे धोक्याचे ठरते. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून असा दंडक घातला आहे की, फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अद्यतने द्यावीत, आणि 800 वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही बॅटरीत मूळच्या 80 टक्के क्षमता शिल्लक असावी. आपल्याकडे खरीददाराने हा हिशेब स्वतःच मांडायचा आहे. नऊ हजारांचा फोन दीड वर्षात निकामी झाला तर तो महिन्याला 500 रुपयांना पडला. चौदा हजारांचा फोन चार वर्षे टिकला तर महिन्याला 300 रुपयांच्याही आत. स्वस्त कोणता, हे आकडेच सांगतात.

याउलट काही गोष्टींना भुलण्याचे कारण नाही. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा सामान्यतः चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो, आणि पाठीवरची 2 मेगापिक्सेलची जादा भिंगे बहुधा शोभेपुरती असतात. ‘शून्य व्याजा’च्या हप्त्यांविषयी तर रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहून घ्यावेत.

बजेट अगदीच आखूड असेल, तर नव्या पण दुबळ्या फोनपेक्षा वरच्या श्रेणीतला, वर्षभर वापरलेला फोन अनेकदा उजवा ठरतो; मात्र तो घेताना *#06# दाबून पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा, तो खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी ताडावा, आणि केवायएम ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून, तो क्रमांक 14422 वर संदेशाने पाठवावा. चोरीचा म्हणून नोंदलेला वा बनावट फोन असेल तर तो बहुधा तेथेच उघड होतो. नवा असो वा जुना, पक्के बिल घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढे बिल हाच पहिला पुरावा असतो. त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र चंद्रपुरातच आहे की नागपूर गाठावे लागेल, हेही आधीच विचारावे. सिरोंच्याच्या माणसाची एक खेप म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी, आणि ती रक्कम फोनच्या किमतीतच धरली पाहिजे.

तेव्हा निर्णय असा: 6 जीबी खरी रॅम, 5000 एमएएचची बॅटरी, आपल्या गावी पोहोचणाऱ्या नेटवर्कचा पट्टा, किमान तीन वर्षांची सुरक्षा अद्यतने आणि आवाक्यातले सेवा केंद्र, या पाच गोष्टी ज्या फोनमध्ये एकत्र आढळतील तो खुशाल घ्यावा, यांतली एकही कमी असेल, तर आणखी दोन महिने पैसे साठवावेत, पण तो फोन घेऊ नये.